‘मदत हवी’ नावाच्या अकराशे चर्चा

४ जून

चि. चिंगीस,

आशीर्वाद. आज एकच देतोय, तोही हात आखडून.

काल सकाळी चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरपुढे बसलो, तर शिवणमंचाने मला दारातच अडवलं. ‘मशीनमामा, तुम्हाला सात दिवस येथे लिहिता येणार नाही. – व्यवस्थापक.’ आता हा व्यवस्थापक कोण? तर जिला बॉबिन म्हणजे काय ते मी शिकवलं, जी लहानपणी माझ्या दुकानात बटणांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून बसायची, ती माझी सख्खी भाची. तुझ्या आईकडे गाऱ्हाणं नेलं, तर ती म्हणते, ‘काहीतरी केलं असशील.’ म्हणजे रक्ताच्या माणसांतही मला कुणी वाली नाही.

फोन मुद्दामच करत नाही. फोनवर तू ‘आवाज तुटतोय’ म्हणत निसटतेस. कागदावर ती सोय नाही.

माझा गुन्हा काय, ते तरी कळू दे. नऊ वर्षं मी या मंचावर लोकांच्या शिलाई मशीनच्या तक्रारींना उत्तरं देतोय. दुकान बंद करून तीन वर्षं झाली, पण मंचावर एक दिवस रजा घेतलेली नाही. गेले बारा दिवस मी जुन्या चर्चा एकेक करून उघडतो, वाचतो आणि खाली एकच शब्द लिहितो: ‘पाहिलं’. शिवी नाही, जाहिरात नाही, राजकारण नाही. दुकानात तपासून झालेल्या मशीनवर मी खडूची रेघ मारायचो, म्हणजे तेच मशीन पुन्हा उघडलं जात नाही. पडद्यावर खडू उमटत नाही, म्हणून ‘पाहिलं’. दोनशे चौदा चर्चा झाल्या होत्या. आणि त्या सगळ्यांची नावं काय, तर ‘मदत हवी’, ‘मदत हवी!!!’, ‘अर्जंट मदत हवी’, ‘कृपया मदत’. कुठली उघडली, कुठली राहिली, हे माणसाने ओळखायचं कसं?

कशासाठी उघडतोय, म्हणशील. उजळणी. बाकी काही नाही.

तुझी मामी आमच्या लेकीकडे, तुझ्या ताईकडे, मजेत आहे. नात आज नऊ दिवसांची झाली. फोनवर तिचा आवाज ऐकला, तेल न घातलेल्या चाकासारखी कुरकुरते. मामी सात जुलैला परत येणार, तोवर मला वेळच वेळ आहे. बंदी उठव.

तुझा (सध्या वाळीत टाकलेला)
मामा


९ जून

ती. मामास,

नमस्कार. कान धरून करतेय, माझे नाही, तुझे.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, ते हे असं. मंचावर ज्या चर्चेत कुणी नवं लिहितं, ती चर्चा सगळ्यांच्या वर येऊन बसते. तू दोनशे चौदा वेळा ‘पाहिलं’ लिहिलंस, म्हणजे दोनशे चौदा निजलेल्या चर्चा उठून रांगेत पुढे घुसल्या. आपली ‘सुईवाली’ आहे ना, तिच्याकडे चाळीस गणवेशांचं काम आणि मशीन ऐन वेळी बंद. तिने सकाळी प्रश्न टाकला, दुपारी तो नवव्या पानावर होता. दोन दिवस तिला कुणाचं उत्तर मिळालं नाही. माझ्याकडे एकतीस तक्रारी आल्या. एकाला वाटलं, तुझं खातं चोरीला गेलंय. एकाने विचारलं, ‘मशीनमामांना हल्ली बरं नसतं का?’ मी ‘ते आधीपासून असेच आहेत’ असं लिहिलं आणि मग पुसलं.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं, तर मी त्याला हाकललंच असतं. मामा म्हणून सोडलं, तर उद्या माझं कोण ऐकेल?

पण एक गोष्ट तुझी खरी आहे. मोजून पाहिलं. ‘मदत हवी’ नावाच्या आपल्याकडे अकराशे चर्चा आहेत. शोधायच्या चौकटीत ‘मशीन’ लिहिलं की सगळ्या येतात, ‘सुई’ लिहिलं की निम्म्या. नऊ वर्षांचं ज्ञान आपण पोत्यात भरून पोत्याचं तोंड शिवून टाकलंय. म्हणून मी आता टॅग आणलेत. टॅग म्हणजे चर्चेच्या खाली चिकटवायचा एक शब्द. त्या शब्दावर बोट दाबलं की तो शब्द असलेल्या सगळ्या चर्चा एका जागी जमतात. आणि टॅग लावल्याने चर्चा उसळून वर येत नाही, कुणाची झोपमोड होत नाही.

मी बावीस शब्दांची यादी केलीय, सगळी मशीनच्या भागांची नावं: शटल, पट्टा, मोटर, हातचाक, दात वगैरे. दिवसभर गोदामात सुट्या भागांच्या खोक्यांना चिठ्ठ्या लावते, तेव्हा एवढं मला जमतं. तुलाही टॅग लावायचा अधिकार देतेय. ‘पाहिलं’ लिहू नकोस, टॅग लाव. ज्याला टॅग नाही, ती चर्चा बघायची राहिली, असं समजायचं. तुझी खडूची रेघही झाली आणि लोकांचंही भलं झालं.

मामी नाही म्हणून तुला घर खायला उठतंय, हे मला कळतं. पण त्यासाठी जुनी उत्तरं कशाला काढतोस? जरा बाहेर पड, चाल, वेळेवर जेव.

तुझी
चिंगी


१७ जून

चि. चिंगीस,

आशीर्वाद, या वेळेपुरते.

बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. आता त्याबद्दल बोलू नकोस.

टॅग ही गोष्ट मला पटली. नवं काहीतरी शोधल्यासारखं तू सांगितलंस, म्हणून हसू आलं, एवढंच. दुकानात मशीन आलं की मी हातचाकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायचो, तू शंभर वेळा पाहिली असशील. त्यावर गिऱ्हाइकाचं नाव आणि तक्रार. तक्रार कुणाच्या शब्दांत? गिऱ्हाइकाच्या. पोट धरून डॉक्टरकडे गेलेला माणूस ‘माझं यकृत बघा’ म्हणतो का? ‘दुखतंय’ म्हणतो. मशीनवाली माणसंही ‘शटल’ म्हणत नाहीत. शटल बिघडलंय हे ज्याला कळलं, तो आपल्या मंचावर कशाला येईल?

तेव्हा तुझी बावीस शब्दांची यादी मी मान देऊन बाजूला ठेवली आहे. माझे टॅग असे: ‘टाका सोडतं’, ‘दोरा खातं’, ‘खाली गोळा करतं’, ‘जड चालतं’, ‘नुसतंच ओरडतं’, ‘आधी कुणीतरी हात मारलाय’. आणि ज्यांना स्वतःला शिवता येत नाही पण दोष मशीनला देतात, त्यांच्यासाठी ‘अंगण वाकडं’. या शेवटच्यात एकशे चाळीस चर्चा निघाल्या. मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं.

आतापर्यंत तीनशे झाल्या. एका बोटाने लावतो, तरी दिवसाला पन्नास होतात.

जाता जाता एक विचारतो. चर्चेत कुणी नुसता फोटो टाकला असेल, तर त्या फोटोतल्या मशीनच्या रंगावरून शोधता येतं का? समजा हिरवा. असंच विचारलं.

मामा


२३ जून

ती. मामास,

नमस्कार.

‘शिलाईमास्तर’ मंच सोडून निघाले होते. त्यांनी स्वतःचे जुने प्रश्न शोधले, तर तिन्ही ‘अंगण वाकडं’ मध्ये! पासष्ट वर्षांचा माणूस, मला फोन करून रडवेला झाला. तो टॅग मी काढून टाकला आहे, आणि तू पुन्हा लावलास तर सात नाही, सत्तर दिवस घरी बसशील.

बाकीच्या टॅगांबद्दल मात्र मी हरले, लेखी देते. आठवडाभरात माझ्या ‘शटल’वर चार जणांनी बोट दाबलं. त्यातली दोन बोटं माझीच होती. तुझ्या ‘दोरा खातं’वर दोनशे साठ. लोक तुला आशीर्वाद देतायत आणि मला विचारतायत, हे आधी का नाही सुचलं? मी आता सगळ्यांनाच टॅग लावायची मुभा दिली आहे. सुईवाली तर जुन्या चर्चा घेऊनच बसलीय, तिचे स्वतःचे टॅग बनवते.

आता दुसरी गोष्ट. रंगावरून फोटो शोधता येत नाही. पण कोण काय शोधतंय, ते व्यवस्थापकाला दिसतं. तू या महिन्यात ‘हिरवं मशीन’ हे दोन शब्द एकेचाळीस वेळा शोधलेस. हिरवं मशीन माझ्या माहितीत एकच आहे, तुमच्या खिडकीपाशी ठेवलेलं, मामीचं. ज्याला ती कुणाला हात लावू देत नाही, तुला तर नाहीच.

काल मामीचा फोन आला होता. म्हणाली, ‘तुझे मामा हल्ली फोनवर फार गोड बोलतात गं. काय फोडलंय त्यांनी?’ मी म्हटलं, मला काही माहीत नाही. आणि ते तेव्हा खरं होतं.

मामा, काय फोडलंयस?

चिंगी


२७ जून

चि. चिंगीस,

फोडलं नाही. उघडलं.

तुझी मामी गेली त्याच्या चौथ्या दिवशी मला वाटलं, बायकोला परत आल्यावर चकित करावं. तिचं मशीन आतून-बाहेरून स्वच्छ करावं, पितळ घासावं, तेल घालावं. आयुष्यभर परक्यांची मशीनं दुरुस्त केली आणि घरच्या मशीनला कधी हात लावला नाही, कारण ती लावू देत नव्हती. म्हणायची, ‘तुम्ही ते सुधारायला जाल.’ तर उघडलं, सगळे भाग मांडले, इतका कचरा निघाला की बोलू नकोस. पुसलं, घासलं, पुन्हा जोडलं. आरशासारखं चमकतंय. आणि दर तिसरा टाका सोडतंय.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हे.

पाच वेळा पुन्हा उघडलं. खालचा दोरा फिरवणारं शटल ज्या कडीत बसतं ती कडी झिजलेली आहे, हे मला दिसतं. नवी कडी लावावी, तर ते मशीन बनवणारे कधीच बंद पडले. तुझ्या गोदामातही नाही, मी तुझ्या साहेबांना परस्पर फोन करून विचारलं. (रागावू नकोस. चांगला माणूस आहे.)

आता खरी गोष्ट. याच जातीच्या मशीनची हीच तक्रार मी पूर्वी एकदा सोडवली आहे. सात वर्षं झाली असतील. एक शिंपी दुकानात आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, ‘मशीनमामा, हिरव्या मशीनचा तुमचा उपाय लागू पडला. एक भाग बदलावा लागला नाही.’ तेव्हा मी आठवड्याला पाच-सहा उत्तरं द्यायचो. मला टाइप करता येत नव्हतं. संध्याकाळी मी बोलायचो आणि मामी टाइप करायची. त्या गर्दीत हेही दिलं असणार. पण काय दिलं? मला आठवत नाही, चिंगे. शिंप्याचा चेहरा आठवतो, त्याच्या बोटातली टोपी आठवते, उपाय आठवत नाही. म्हणून एकेक ‘मदत हवी’ उघडत बसलोय. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मामी रागावेल, त्याची मला भीती नाही. ती रागावते आणि मग चहा करते. मला भीती दुसरीच वाटते. माझे वडील शेवटी शेवटी दुकानात उभे राहून हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे बघत राहायचे, हे कशाचं म्हणून. तुला ते माहीत नाही, तू तेव्हा नव्हतीस. मी माझंच उत्तर विसरलो, त्या दिवसापासून मला तेच दिसतंय. आज कडीचा उपाय गेला, उद्या काय जाईल?

हे तुझ्या मामीला सांगायचं नाही. तिथे बाळ आहे, आनंद आहे. ती येण्याआधी उत्तर सापडलं, तर प्रश्नच मिटला. अजून साडेचारशे चर्चा राहिल्यात.

मामा


२ जुलै

प्रिय मामा,

पत्र वाचून आधी रडले आणि मग कामाला लागले. रजा काढली. साहेबांनी विचारलंसुद्धा नाही, म्हणाले, ‘मामांना सांगा, काळजी करू नका.’ तू त्यांना नेमकं काय काय सांगितलंयस?

सापडलं, मामा!

मी शोधलं, असं म्हणायला मला आवडलं असतं, पण शोधलं सुईवालीने, आणि तिला ते माहीतही नाही. तिला नवे भाग घेणं परवडत नाही. म्हणून एकही भाग न घेता काम झालं अशा सगळ्या चर्चा तिने वेचून एकत्र केल्या आणि त्यांना टॅग लावला, ‘भाग न बदलता’. तुझा शिंपी ‘एक भाग बदलावा लागला नाही’ म्हणाला होता ना? त्यावर बोट दाबलं, अठ्ठावन्न चर्चा आल्या, तेविसावी तुझी. नाव अर्थातच ‘मदत हवी’. प्रश्न असा: ‘मशीन मेलं. फोटो पाहा.’ बस्स. फोटोत हिरवं मशीन. ना टाका, ना रंग. तू शंभर वर्षं शोधलं असतंस, तरी ते शब्दांनी सापडलं नसतं.

खाली तुझं उत्तर, जसंच्या तसं उतरवते:

‘बाळा, नवा भाग शोधत फिरू नकोस, हे मशीन आता कुणी बनवत नाही. शटलची कडी झिजली की हलायला लागते, आणि कडी हलली की सुईची आणि शटलची चुकामूक होते. जुन्या कोटाचं जाड लोकरी कापड घे. नखाएवढं काप, दुहेरी घडी घाल आणि कडीच्या मागे, डाव्या अंगाला बसव. त्यावर तेलाचा एक थेंब सोड. कापड वर्षाने बदलत जा. आणि मेलं म्हणू नकोस त्याला, दमलंय ते.’

करून बघ आणि लगेच कळव.

मला एका गोष्टीची गंमत वाटली. ती अठ्ठावन्नच्या अठ्ठावन्न उत्तरं मी वाचून काढली, सगळी तुझ्या नावाची. त्यांत तू एकदाही कुणाला गाढव म्हटलेलं नाहीस. ‘बाळा’ म्हणतोस, ‘हरकत नाही, होतं असं’ म्हणतोस. एवढा गोड होतास, तर मग आंबलास कधी? आणि वेळा बघितल्या, तर सगळी अकरा ते एकच्या मधली. तेव्हा तर तू दुकानात असायचास आणि कॉम्प्युटर घरी. उत्तरं कधी लिहायचास रे?

चिंगी


१० जुलै

चि. चिंगीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. सुईवालीलाही कळव. तिचं मशीन इथे पाठव म्हणावं, जन्मभर फुकट करीन.

तुझं पत्र आलं त्या सकाळी माझ्या जुन्या कोटाची बाही कापली. नखाएवढा तुकडा, दुहेरी घडी, डाव्या अंगाला. चाक फिरवलं. टाका, टाका, टाका! एक सुटला नाही. हातभर कापडावर शिवलं, मग त्याच कापडावर उलटं शिवलं. मी खोलीत एकटाच ओरडलो. शेजारीण बघायला आली, तिला कापड दाखवलं, ती आल्या पावली परत गेली.

मग आठवलं. मशीन साफ करताना कडीच्या मागून तेलाने काळी पडलेली एक चिंधी निघाली होती. कचरा म्हणून मीच ती फेकली होती. म्हणजे उपाय मशीनमध्ये आधीपासून होता. कुणी ठेवला? मी तर ते मशीन जन्मात कधी उघडलेलं नव्हतं.

तुझं पत्र पुन्हा वाचलं. अकरा ते एक. मी त्या वेळात वीस वर्षं घरी नव्हतो. आणि मी कुणाला ‘बाळा’ म्हणत नाही, तुलाही म्हटलेलं नाही.

सात तारखेला तुझी मामी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी खिडकीपाशी गेली, चाक एकदा फिरवलं, कान दिला आणि म्हणाली, ‘कापड बदललंत?’

मी सगळं सांगितलं. उघडलेलं, बिघडलेलं, ‘पाहिलं’, तुझी बंदी, सगळं. वडिलांची गोष्टही सांगितली, जी सांगायची नाही असं ठरवलं होतं. ती आधी खुर्चीवर बसून हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. वडिलांच्या गोष्टीपाशी मात्र थांबली. मग म्हणाली, ‘अहो, ते उत्तर तुमचं नव्हतंच. माझं होतं. तुम्ही दुकानात असायचात, लोक वाट बघायचे, मला येत असेल तिथे मी लिहून टाकायचे. नाव तुमचंच असायचं, दुसरं होतंच कुठे?’

सात वर्षं मी त्या शिंप्याचे आभार खिशात घालून फिरतोय, चिंगे. मला लाज वाटली, आणि त्याच क्षणी डोक्यावरची शिळा उतरली. दोन्ही एकदम.

आता तुझं काम. त्या उत्तरांवरचं माझं नाव काढ आणि तिचं घाल. आजच्या आज.

मामा


१४ जुलै

ती. मामा आणि मामी,

दोघांना नमस्कार.

नाव बदलता येत नाही. ज्या खात्यातून उत्तर गेलं, तेच नाव त्याच्यावर राहतं, तो मंचाचा नियमच आहे. पण टॅग लावता येतो. मी ‘मामी’ नावाचा नवा टॅग केला आहे. तो तिच्या प्रत्येक उत्तराला लावला की कुणीही, कधीही, सगळी एका जागी वाचू शकेल. फक्त कुठली तिची, कुठली तुझी, हे नुसत्या वेळेवरून मला कसं कळणार? सुईवालीने वेचलेल्या अठ्ठावन्नांना तो आत्ताच लावलाय, पण तिने भाग न बदलता झालेलीच वेचली होती, बाकी आणखीही असतील. तुम्ही दोघं बसून ठरवा आणि मला यादी पाठवा. भांडा, पण यादी पाठवा.

मामी, तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?

चिंगी


२२ जुलै

प्रिय चिंगी,

अनेक आशीर्वाद. बाळ आणि बाळाची आई छान आहेत. माझे गुडघे सोडले तर मीही छान आहे.

का बोलले नाही, विचारतेस. तो शिंपी आला होता ना, त्या दिवसांत दुकान अगदी मंद होतं. लोक तयार कपडे घ्यायला लागले होते, मशीन दुरुस्त करून कोण घेतो? तुझे मामा रोज घरी यायचे ते तोंड पाडून. त्या संध्याकाळी आले आणि जिन्यावरूनच सांगत आले. जेवताना सांगितलं, हात धुताना पुन्हा सांगितलं. मी तेव्हा ‘ते माझं हो’ म्हणायचं होतं का? मला नाही म्हणावंसं वाटलं. आणि मग राहूनच गेलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खरं सांगते. पण तू टॅग केलास आणि त्याखाली ती अठ्ठावन्न एकाखाली एक दिसली, तेव्हा मी दार लावून घेतलं आणि वाचत बसले. एवढं मी लिहिलं होतं, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मशीन उघडलं, त्याचा राग मी चहाबरोबर संपवला. दीड महिना मनात एवढी भीती धरून हा माणूस माझ्याशी फोनवर हवापाण्याच्या गप्पा मारत होता, त्याचा राग अजून आहे. ते मी त्यांना सांगितलंय, तुलाही सांगते, म्हणजे तू पुढच्या वेळी लपवणार नाहीस.

आता यादी. सोबत जोडली आहे, आणि ती कशी झाली ते ऐक. हे स्वतः टाइप करायला शिकेपर्यंतची यांच्या नावाची चारशे बारा उत्तरं होती. मी माझं उत्तर लिहिलं की एका वहीत त्याची तारीख टिपून ठेवायचे, उगाच, सवय म्हणून. ती वही मी मांडीवर उघडून बसले आणि यांना दाखवली नाही. मी नुसता प्रश्न वाचायचे आणि यांनी सांगायचं, उत्तर कुणाचं. पाच दिवस लागले. हे डोळे मिटून बसायचे आणि सांगायचे, ‘हा तो निळ्या दाराचा शिंपी, पट्टा घसरत होता, माझं.’ ‘ही बाई, हिने सुई उलटी लावली होती, मी तिला फार बोललो, माझं.’ कुणाचं मशीन, काय तक्रार, किती बोलले, सगळं तोंडपाठ. आणि मधेच यांचा चेहरा उतरायचा आणि म्हणायचे, ‘हे मला आठवत नाही.’

असं ते त्र्याऐंशी वेळा म्हणाले. मी प्रत्येक वेळी वहीत बघत होते. त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी माझी होती, चिंगी. एक इकडचं तिकडे झालं नाही.

शेवटचं झाल्यावर वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, मोजा. त्यांनी दोनदा मोजलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, ‘म्हणजे माझं डोकं शाबूत आहे.’

मी म्हटलं, ‘डोकं शाबूत आहे. कान तेवढे तपासून घ्या, मी बत्तीस वर्षं याच घरात बोलतेय.’

तुझी
मामी